पिन लावायची घाई नको: व्हॉल्व्हचा रेडिओ घरच्या घरी

जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ हाती आला की माणूस सगळ्यात आधी काय करतो? पिन सॉकेटात घालतो. बघू तरी, लागतोय का! मीही एकदा तेच केलं. डायलचा दिवा लागला, अर्ध्या मिनिटात स्पीकरमधून गुणगुण आली, मी खूश झाले. तेवढ्यात आउटपुट व्हॉल्व्हची करडी प्लेट निखाऱ्यासारखी लाल झाली. बटण फिरवेपर्यंत आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळाला होता. वर्षानुवर्षं अडगळीत पडलेल्या त्या सेटमध्ये तोवर एकच भाग नासलेला होता. माझ्या उत्साहानं तीन झाले.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. आजवर चाळीसेक सेट उघडले असतील. प्रयोगशाळेची एक सवय कामी आली: आधी वही, मग हात. तीच पद्धत इथे सांगते. सोल्डरिंग नीट जमत असेल आणि मल्टिमीटर वाचता येत असेल, तरच हे काम हाती घ्या. या डब्यात अडीचशे व्होल्ट डीसी असतात.

सेट कोणत्या जातीचा?

पिन काढलेली आहे ना, हे डोळ्यांनी बघा आणि मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा. व्हॉल्व्हवरचे नंबर वहीत उतरवा. काच ओल्या फडक्यानं पुसू नका, छापलेला नंबर फडक्याबरोबर निघून येतो. नंबर पुसट असेल तर काचेवर तोंडाची वाफ सोडा, क्षणभर अक्षरं दिसतात.

युरोपी व्हॉल्व्हचं पहिलं अक्षर बरंच काही सांगून जातं. ई म्हणजे ६.३ व्होल्टचं फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार): ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८०. हा बहुधा ट्रान्स्फॉर्मरचा सेट. यू म्हणजे १०० मिलीअँपिअरवर चालणारी, एकामागे एक ओवलेली फिलामेंटं: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५. डी आलं तर बॅटरीचा सेट, १.४ व्होल्टचा. त्याला चुकून जास्त व्होल्टेज लागलं तर केसासारखी फिलामेंटं एका क्षणात जातात. अमेरिकी नंबरात सुरुवातीचा आकडाच साधारण व्होल्ट सांगतो. १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५, ३५डब्ल्यू४ यांची बेरीज करा: १२१. म्हणजे तिथल्या सुमारे १२० व्होल्टच्या मेनला (घरच्या वीजपुरवठ्याला) हे पाच व्हॉल्व्ह थेट जोडता यायचे, ट्रान्स्फॉर्मरचा खर्च वाचायचा.

यू मालिकेची बेरीजही करून बघा. १९, १९, ५० आणि ३८ मिळून १२६. मेन २३० व्होल्टचा असेल तर उरलेले १०४ व्होल्ट कुठेतरी जिरवावे लागतात. ते काम चासीवरचा (भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावरचा) सिरॅमिकचा जाडा रेझिस्टन्स करतो, साधारण एक किलोओहमचा. दहा वॉट उष्णता तो एकटा बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्या शेजारच्या वायरी आणि कंडेन्सर सगळ्यात आधी वाळतात. काही सेटमध्ये हा रेझिस्टन्स मेनच्या वायरीतच गुंफलेला असतो. वायर वापरात गरम होते म्हणून ती कापून आखूड केली, की सगळे व्हॉल्व्ह धोक्यात. या रेझिस्टन्सच्या, म्हणजे ड्रॉपरच्या, मागे किंवा कॅबिनेटच्या आत पांढुरका, तंतुमय पत्रा दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, घासू नका, तिथे ब्रशही लावू नका.

बिनट्रान्स्फॉर्मरच्या सेटची खरी भीती वेगळीच आहे. मेनची एक वायर त्यात सरळ चासीला जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खी चासी फेजवर. कारखान्यातून निघताना नॉबच्या बारीक स्क्रूंवर मेण भरलेलं असायचं, ते बोट स्क्रूला लागू नये म्हणून. साफसफाईच्या भरात आपण ते मेण कोरून काढतो आणि परत भरायला विसरतो. असा सेट आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मरशिवाय (सेटला मेनपासून तोडणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरशिवाय) चालू करून हात घालू नका, यात मी कुणालाही सूट देत नाही. व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन) म्हणजे आयसोलेशन नव्हे. त्याचं वेटोळं एकच असतं, मेन सरळ पुढे येतो. आणि आयसोलेशन असलं तरी एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटांना पुरवलेला उच्च दाबाचा डीसी) आणि चासीमधले अडीचशे व्होल्ट तसेच राहतात, तेही विसरू नका.

चालू सेटमध्ये माप घेताना मी मीटरची काळी क्लिप आधी चासीला लावते, डावा हात पाठीमागे ठेवते आणि एकाच हातानं प्रोब लावते. सेट बंद केल्यावर १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स एचटी आणि चासीमध्ये दहा सेकंद धरते. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यातून दोन-तीन सेकंदांत रिकामा होतो. तरीही मीटर लावून बघते, आणि मगच बोट लावते. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे स्क्रू ड्रायव्हर बघावेत, टोकं खाल्लेली असतात.

वीज न देता जे कळतं ते

आधी फोटो काढा, दहा-बारा तरी. डायलच्या दोऱ्याचा मार्ग मात्र हातानं काढून ठेवा, कारण दोरा कोणत्या कप्पीला किती वेढे घेतो आणि कुठून वळतो हे फोटोत कळत नाही. मग मऊ ब्रशनं धूळ काढा. गँग कंडेन्सरच्या (स्टेशन लावताना फिरणाऱ्या कंडेन्सरच्या) पात्यांना हात लावू नका. एक पातं वाकलं की डायलच्या एका टोकाला खरखर, आणि ते सरळ करता करता दुसरं वाकतं. गँग पूर्ण मिटलेली असली की पाती सुरक्षित, तेव्हा कामाला बसताना ती मिटवून बसा.

वायरींवर जुनं रबर असेल तर वाकवताच त्याचा चुरा होतो. अशा वायरी एकेक करून बदला किंवा एका टोकाचा डाग (सोल्डरचा जोड) सोडवून तापवल्यावर आवळणारी श्रिंक नळी चढवा. मेनची वायर नवीनच घाला. फ्यूज बघा. एका सेटमध्ये आधीच्या कुणीतरी फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळून ठेवला होता. सेट चालत होता म्हणे! मागे व्होल्टेजची निवड करायची खाच असेल तर ती आपल्या मेनपेक्षा खालच्या आकड्यावर नाही ना, हे तपासा. माझ्या पाहण्यात पुष्कळ सेट २२० वर अडकलेले असतात आणि मेन २४० ला असतो. पुढचा आकडा असेल तर तो निवडा, व्हॉल्व्हना बरं वाटतं.

आता मीटर. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्रायमरीला काहीशे ओहम यायला हवेत, सेकंडरीला एका ओहमच्या आसपास किंवा कमी. प्रायमरी तुटलेली असेल तर सेट चालू करायचाच नाही. प्लेटला व्होल्ट मिळत नाहीत, सगळा करंट स्क्रीन ग्रिडवर (प्लेटच्या अलीकडच्या जाळीवर) जातो आणि ती तापून लाल होते. स्पीकर काढून ठेवून सेट चालवणंही टाळा. एचटी आणि चासीमध्ये ओहम मोजा. आकडा हळूहळू चढत काही दहा हजार ओहमच्या पुढे गेला तर ठीक. शंभर-दोनशे ओहमवर बसून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात. २२० किलोओहमचा ३५० झालेला मी नेहमी बघते. वीस टक्क्यांहून जास्त सरकलेले बदला. नवे घेताना निदान अर्ध्या वॉटचे घ्या, फक्त उष्णतेसाठी नाही. पाव वॉटचा चिमुकला रेझिस्टन्स बऱ्याचदा २५० व्होल्टपर्यंतच सोसतो.

मेणाचा कंडेन्सर

इथे जरा थांबते, कारण माझा तो ट्रान्स्फॉर्मर याच्यामुळे गेला.

आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्लेटचा करंट ठरवणाऱ्या आतल्या जाळीला) पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटवरून आवाज येतो. मधे एक कपलिंग कंडेन्सर असतो, बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा: कागदाच्या सुरळीचा, बाहेरून मेण लावलेला. त्यानं आवाज जाऊ द्यायचा आणि प्लेटवरचे ९०-१०० व्होल्ट डीसी अडवायचे. कागद दमट झाला की तो थोडं डीसी पाझरू देतो. किती थोडं? समजा त्याचा विरोध २० मेगओहमवर आला. ऐकायला केवढा मोठा आकडा! पण ग्रिडपासून चासीला ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स असतो. ९० व्होल्टचे त्या दोघांत वाटे पडले की ग्रिडवर दोन धन व्होल्ट उभे राहतात. ईएल ८४ ला ग्रिड कॅथोडपेक्षा (इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या भागापेक्षा) सात व्होल्ट खाली हवी असते, आणि तिथला एकेक व्होल्ट दहा-अकरा मिलीअँपिअर हलवतो. कॅथोडचा रेझिस्टन्स थोडं सावरून घेतो, तरी व्हॉल्व्ह झेपेल त्याहून जास्त ओढायला लागतो. तो तापला की ग्रिडमधूनही करंट वाहू लागतो आणि प्रकरण हाताबाहेर जातं.

साध्या मल्टिमीटरवर हा कंडेन्सर निर्दोष ठरतो, ही त्यातली गोम. मीटर एक-दोन व्होल्टवर तपासतो. कागद त्या व्होल्टेजला अडवतो आणि नव्वदला सोडतो. म्हणून मी मेणाचे आणि काळ्या डांबरासारख्या आवरणाचे कंडेन्सर मोजतच बसत नाही, सरसकट बदलते. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे राहू देते, ते सहसा ठणठणीत असतात. बदली म्हणून ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर घालायचे. एका वेळी एकच. जुना काढला, नवा लावला, वहीत खूण केली, मग पुढचा. चार एकदम काढून ठेवले आणि फोन वाजला, तर संध्याकाळी कोणता कुठला हे देवालाही सांगता येणार नाही.

मेनच्या दोन वायरींमध्ये किंवा मेन आणि चासीमध्ये असलेल्या कंडेन्सरना फिल्मचे साधे चालत नाहीत. दोन वायरींमध्ये एक्स २ प्रकारचा, चासीकडे जाणाऱ्याला वाय २ प्रकारचा. वाय प्रकारचा कंडेन्सर बिघडला तर आतून तुटावा, शॉर्ट होऊ नये, अशा बेतानं बनवलेला असतो.

राहिला फिल्टर कंडेन्सर, ॲल्युमिनियमचा तो उंच डबा, बहुधा ५०+५०. हळूहळू व्होल्टेज चढवून त्याला पुन्हा तयार करणारे लोक आहेत. मी त्या वाटेला जात नाही. डबा दिसायला जागेवर ठेवते, त्याचे डाग सोडवते आणि खाली ४५० व्होल्टचे दोन नवे बसवते. जुना जोडलेलाच ठेवून शेजारी नवा लावायचा नाही, जुन्याची गळती तशीच राहते. आणि मोठा घातला की गुणगुण कमी होईल म्हणून २२० मायक्रोफॅरडचा घालू नका. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० पर्यंतच सोसतो. त्यापुढे चालू करतानाचा करंटचा धक्का रेक्टिफायरच्या जिवावर येतो. चौकोनी पंखांचा सेलेनियम रेक्टिफायर असेल तर तो काढून १एन४००७ डायोड आणि सोबत एक रेझिस्टन्स लावा. रेझिस्टन्सची किंमत अशी ठरवा की एचटी पूर्वीइतकीच राहील. सेलेनियम जळालं तर कुजकट वास येतो आणि तो धूर विषारी असतो.

आता वीज

मेनच्या एका वायरीत ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. तारेचा जुना बल्बच हवा, एलईडी इथे निरुपयोगी. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो, सेट वाचतो.

ट्रान्स्फॉर्मरच्या सेटमध्ये आधी सगळे व्हॉल्व्ह काढा. डायलचे दिवेही काढले तर उत्तम. नुसत्या ट्रान्स्फॉर्मरवर बल्ब जेमतेम लालसर दिसला पाहिजे. मग रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह बसवा. फिलामेंटं पेटतील, एचटी नसेल. शेवटी रेक्टिफायर. बल्ब एकदा उजळून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. यू मालिकेच्या सेटमध्ये ही पायरी करता येत नाही, कारण एक व्हॉल्व्ह काढला की माळ तुटते आणि सगळेच विझतात. त्याला थेट सगळे व्हॉल्व्ह बसवून, बल्ब सिरीजमध्ये ठेवून बघायचं. बल्ब काढल्याशिवाय सेट गातच नाही बहुतेकदा, ते चालेल.

बल्ब काढून पूर्ण मेन दिला की पहिलं माप आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडचं. १५० ओहमवर ७ व्होल्ट म्हणजे ४७ मिलीअँपिअर, ईएल ८४ साठी छान. बारा व्होल्ट दिसले तर बंद करा. ग्रिडवर डीसी शून्य हवं. व्हॉल्व्ह काढूनही (ट्रान्स्फॉर्मरच्या सेटमध्ये) ग्रिडच्या पिनवर व्होल्ट दिसले तर दोष कंडेन्सरचा. व्हॉल्व्ह घातल्यावरच दिसले तर व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हच्या काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर मात्र मापायचं काही उरलं नाही, हवा आत गेली.

गुणगुण आहे, आवाज कमी-जास्त होतो, पण स्टेशन एकही नाही? तर ऑसिलेटर (सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणारा भाग) जिवंत आहे का बघा. त्यासाठी साधा ट्रान्झिस्टर रेडिओ पुरतो. जुन्या सेटची आयएफ (आलेलं प्रत्येक स्टेशन ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणलं जातं ती) ४५५ किलोहर्ट्झ असेल तर काटा १००० वर ठेवा आणि शेजारच्या ट्रान्झिस्टरवर १४५५ च्या आसपास फिरवत जा. एका जागी ट्रान्झिस्टरची खरखर एकदम दबते, जणू कुणी उशी ठेवली. जुन्याचा काटा हलवला की ती जागाही सरकते. अशी जागा सापडलीच नाही तर पहिला व्हॉल्व्ह, त्याची व्होल्टेजं आणि बँड स्विच (मीडियम-शॉर्ट वेव्ह बदलायचं बटण) यांच्याकडे वळा. बँड स्विचचे संपर्क निम्म्या वेळा नुसते काळे पडलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कातून ओढायची, बस. तेलकट फवारे मारू नका, पुठ्ठ्यासारख्या त्या चकतीत तेल मुरतं आणि मग गळती सुरू होते.

आयएफटीचे (आयएफ ट्रान्स्फॉर्मरचे) स्क्रू फिरवायची हौस सगळ्यात शेवटची. ते क्वचितच हललेले असतात, आणि हललेले असलेच तर आपल्याआधीच्या हौशी माणसानं. फेराइटचे कोअर पोलादी स्क्रू ड्रायव्हरनं तडकतात, नायलॉनचा वापरा, आणि आधी पेन्सिलीनं खूण करा. सिग्नल जनरेटरची पातळी इतकी कमी ठेवा की आवाज जेमतेम ऐकू येईल. सिग्नल जोरात असला की सेट आपोआप आवाज सावरतो आणि शिखर सापडत नाही. आयएफ किती ते सर्किटवर बघून घ्या. ४५५ नेहमीचा, पण ४५२ आणि ४७० चेही सेट आहेत. मग मीडियम वेव्हला ६०० वर कॉइलचा कोअर, १४०० वर ट्रिमर (जुळवायचा छोटा कंडेन्सर). एक जुळवलं की दुसरं थोडं सरकतं, म्हणून तीन-चार फेऱ्या.

डायल

माझ्या चाळीस सेटमधली सगळ्यात बोचरी चूक विजेची नाही. एका सेटची डायलची काच सुरेख होती: काळ्यावर सोनेरी अक्षरात युरोपी स्टेशनांची नावं, हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग, बेरोम्युन्स्टर. मागून थोडी धूळ होती. कापसाच्या बोळ्याला नुसतं पाणी लावून मी आतून एकदा पुसलं. बोळा सोनेरी झाला. लक्झेंबर्गची सुरुवातीची दोन अक्षरं त्यावर होती. ती छपाई काचेच्या मागच्या बाजूला असते आणि कित्येकदा पाण्यात विरघळते. समोरून काय हवं ते करा, मागून कोरड्या, मऊ ब्रशनं वरवर, तेही रंग सुटत नाही ना हे कोपऱ्यात बघून.

बाकी कॅबिनेटबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. स्पीकरपुढचं कापड धुतलं की आटतं, ताणून पुन्हा बसत नाही. बेकेलाइटला पॉलिश पेपर लावला की वरचा चकचकीत थर जातो आणि आतला भुसा दिसायला लागतो. स्पीकरचा कागद फाटला असेल तर टिश्यूचा तुकडा आणि पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. डायलचा दोरा घसरत असेल तर बदलायच्या आधी त्याला जराशी राळ चोळून बघा.

सेट मिटवताना नॉबच्या स्क्रूंवर मेण भरायचं आणि मागचं झाकण लावायचं. झाकणाच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवते: तारीख, बदललेले भाग, कॅथोडची आणि एचटीची मापं. लक्झेंबर्गवाल्या सेटच्या चिठ्ठीत शेवटची ओळ जास्तीची आहे: काच आतून पुसू नये, एकदा पुसून झाली आहे.